विश्रामबागेतील सालसा-बचाटा मेळावा: नकाराला मान, तक्रारीला अपुरी वाट

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात एका खासगी नृत्यवर्गातर्फे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी सालसा आणि बचाटा या जोडीने नाचायच्या नृत्यांचा मेळावा भरतो. वर्गात येणाऱ्यांना शिकलेले आजमावता यावे आणि ज्यांनी कधीच पाऊल टाकलेले नाही त्यांनाही एकदा येऊन पाहता यावे, अशी त्यामागची कल्पना आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी तेथे जात आहे. अशा कार्यक्रमाविषयी लिहिताना संगीत, जागा आणि शिक्षकांची तयारी यांवर भर देण्याचा प्रघात आहे आणि त्याविषयी थोडे पुढे येईलच. परंतु अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन नाचण्याच्या कार्यक्रमाची पहिली परीक्षा माझ्या मते वेगळी असते. तेथे आलेल्या सर्वांत नवख्या आणि संकोची व्यक्तीला ‘नको’ म्हणणे किती सोपे जाते, आणि ते म्हटल्यानंतर तिच्याशी कसे वागले जाते, या कसोटीवर मी हा मेळावा तपासला. या कसोटीला तो बऱ्याच अंशी उतरतो. एका महत्त्वाच्या बाबतीत मात्र तो कमी पडतो, आणि ती उणीव किरकोळ नसल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात होतो. प्रवेशशुल्क माणशी 250 रुपये आहे. सहा वाजता नवख्यांसाठी अर्ध्या तासाचा वर्ग घेतला जातो, साडेसहाला सर्वांसाठी नाच सुरू होतो आणि साडेनऊला दिवे पूर्ण लावून कार्यक्रम संपवला जातो. दिवे नाच चालू असतानाही मंद केले जात नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. समोरच्याचा चेहरा, त्याचे पाऊल आणि फरशीवर सांडलेले पाणी दिसेल इतका उजेड सतत असतो. संगीताची निवड चांगली आहे. सालसा आणि बचाटा यांची आलटून पालटून तीन-तीन गाणी लावली जातात. सालसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी अनेक सहा-सात मिनिटांची असतात, परंतु येथे पाच मिनिटांहून मोठे गाणे वाजवत नाहीत, आणि त्यामागचे कारण मला पटले: ज्या जोडीदाराबरोबर अवघडल्यासारखे होत आहे त्याच्याबरोबर सात मिनिटे हा फार मोठा काळ असतो. ध्वनिक्षेपकाजवळचा आवाज मात्र त्रासदायक आहे, कारण तेथे जोडीदाराने हळू आवाजात सांगितलेली अडचण ऐकूच येत नाही.

शिष्टाचाराचा एवढा विचार येथे का करावा लागतो, हे समजण्यासाठी ही नृत्ये आपल्याकडे कशी आली ते पाहिले पाहिजे. सालसा हे नाव आणि त्याचे आजचे रूप 1960 आणि 1970 च्या दशकांत न्यू यॉर्कमध्ये, मुख्यतः क्यूबा आणि प्वेर्तो रिको येथून आलेल्या लोकांच्या वस्त्यांत घडले. बचाटा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील असून 2019 मध्ये युनेस्कोने त्याच्या संगीताची आणि नृत्याची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. त्या समाजांत मुले घरच्या समारंभात काका, आत्या, आजी यांच्याबरोबर नाचत मोठी होतात, त्यामुळे हात कोठे ठेवावा, किती अंतर राखावे आणि कोणाला कसे विचारावे, हे त्यांना कोणी वेगळे शिकवत नाही. आपल्याकडे स्त्री-पुरुषांनी जोडीने नाचण्याचा असा घरगुती वारसा नाही. बायकांच्या फुगडीत मात्र तो आहे. हातांची अढी घालून, पावले जुळवून, मागे रेलून फिरताना न सांगता हात सोडायचा नाही, समोरची दमली की वेग उतरवायचा, हे आपल्या मुली मंगळागौरीत न शिकवता शिकतात. जोडीने नाचण्याची सगळी जबाबदारी त्या एका पकडीत असते, आणि सालसाच्या पकडीतही तीच असते. फरक इतकाच की फुगडीतील मैत्रीण आपली ओळखीची असते, तर येथे समोर मिरजेहून आलेला वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी, माधवनगरचा व्यापारी किंवा बँकेतील अधिकारी असतो, ज्याला आपण आज प्रथमच पाहत असतो. शिवाय त्याने बचाटा पाहिलेला असतो तो मोबाईलवरील चित्रफितींत, जेथे नाचणारे दोघे अनेक वर्षांचे जोडीदार असतात आणि कॅमेऱ्यासाठी नाचत असतात. ते पाहून तशीच जवळीक पहिल्या भेटीत करायची असते, असा समज घेऊन काही जण येतात. आयोजकांनी हा धोका ओळखला आहे, ही या मेळाव्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

नवख्यांच्या वर्गाची पहिली दहा मिनिटे पावले शिकवण्यात जात नाहीत. ती विचारण्यात आणि नकार देण्यात जातात. अर्जेंटिनातील टँगोच्या मेळाव्यांत दुरूनच नजरेला नजर देऊन आणि किंचित मान हलवून आमंत्रण देण्याची ‘काबेसेओ’ नावाची जुनी पद्धत आहे. नजर मिळाली नाही तर आमंत्रण दिलेच गेले नाही असे मानले जाते, त्यामुळे विचारणाऱ्याचा आणि नाकारणाऱ्याचा दोघांचाही मान राहतो. सांगलीत नजरेने बोलावण्याचा भलताच अर्थ निघू शकतो, हे ओळखून आयोजकांनी ती पद्धत जशीच्या तशी आणली नाही. येथे समोर येऊन, हाताच्या अंतरावर थांबून, तोंडाने विचारायचे असते. बसलेल्या व्यक्तीचा हात धरून उठवायचे नाही, मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही आणि कोणी बोलत असताना मध्ये येऊन उभे राहायचे नाही. त्यानंतर सर्वांना दोन रांगांत समोरासमोर उभे करून प्रत्येकाकडून एकदा नकार देववला जातो आणि एकदा घेववला जातो. नुसते ‘नको’ म्हणायचे, कारण द्यायचे नाही, आणि ऐकणाऱ्याने ‘बरं’ म्हणून पुढे जायचे. हा सराव पाहताना प्रथम अनेकांना संकोच वाटतो. परंतु आपल्याकडे मुलींना मोठ्यांना, पाहुण्यांना, ओळखीच्यांना नाही म्हणण्याची सवयच नसते, आणि मुलांना सरळ नकार ऐकण्याची. ती सवय दहा मिनिटांत लागत नाही, तरी निदान त्या शब्दाचा उच्चार त्या खोलीत एकदा झालेला असतो आणि त्याने काही बिघडलेले नसते.

त्याचा परिणाम प्रत्यक्षात दिसतो. मागच्या मेळाव्यात माझ्या शेजारी बसलेल्या, साठीच्या घरातील एका बाईंना एका तरुणाने विचारले, “काकू, एक गाणं करूया का?” त्यांनी सवयीने “नको रे, गुडघा…” असे म्हणायला सुरुवात केली, आणि मग थांबून केवळ “नको” इतकेच म्हटले. तो “बरं काकू” म्हणून पुढच्या रांगेकडे गेला. ना त्याने “का?” विचारले, ना मित्रांकडे पाहून हसला. त्यानंतर बऱ्याच वेळाने त्या बाईंनी स्वतः उठून त्याला विचारले आणि दोघे एक बचाटा अगदी सावकाश नाचले. एका नकारानंतर त्याच व्यक्तीला पुन्हा विचारायचे असेल तर विचार तिने बदलायचा असतो, आपण तिच्याभोवती फिरत राहायचे नसते, हा नियम येथे स्पष्ट सांगितला जातो. नकार दिलेल्या स्त्रीने त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर नाचावे की नाही, हा प्रश्न जोडीने नाचणाऱ्यांच्या वर्तुळांत नेहमी निघतो. जुनी रीत म्हणते की नाकारले तर ते गाणे बसून काढावे. मला ती रीत मान्य नाही, कारण तिच्यामुळे नकाराला दंड लागतो, आणि दंडाच्या भीतीने दिलेला होकार होकार राहत नाही. आयोजकांनीही ती रीत ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या गावची आहे आणि तिच्याकडे लक्ष दिल्याबद्दल मी आयोजकांचे मनापासून अभिनंदन करते. दांपत्य मेळाव्याला आले की काही सज्जन गृहस्थ पतीकडे जाऊन विचारतात, “सर, वहिनींबरोबर एक डान्स केला तर चालेल का?” त्यांचा हेतू सभ्यतेचाच असतो. परंतु पतीने भिडेखातर “हो, हो, करा की” म्हटले की त्या बाईंची अडचण दुप्पट होते. आता त्यांना अनोळखी माणसाला नाही म्हणायचे असते आणि नवऱ्याचा शब्दही मोडायचा असतो. येथे प्रारंभीच सांगितले जाते की ज्या व्यक्तीबरोबर नाचायचे आहे तिलाच विचारावे. एका गृहस्थांना स्वयंसेविकेने हेच फार सौम्यपणे सांगितलेले मी ऐकले: “दादा, ताईंनाच विचारा ना, त्या इथंच आहेत.” त्यांनी तसे केले. नकार देण्याचा अधिकार पुरुषांनाही तितकाच आहे, हेही येथे बोलून दाखवले जाते. त्याचप्रमाणे नाच चालवणारा पुरुष आणि साथ देणारी स्त्री, अशी सक्ती नाही; दोघी मैत्रिणी, मायलेकी किंवा दोघे मित्रही नाचतात. ज्या मुलीला अनोळखी पुरुषाबरोबर नाचायचे नाही तिला त्यामुळे संपूर्ण संध्याकाळ खुर्चीवर काढावी लागत नाही. वर्गात जोडीदार बदलत जाण्याच्या वेळी ज्यांना बदलायचे नसेल त्यांनी वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहावे, अशीही सोय आहे.

बचाटामध्ये अंतराचा प्रश्न सालसापेक्षा नाजूक असतो. शिक्षकांनी दाखवलेली पद्धत अशी की सुरुवात नेहमी मोकळ्या पकडीने, केवळ दोन्ही हात धरून करायची. जवळ यायचे की नाही हे साथ देणाऱ्या व्यक्तीने ठरवायचे. जवळच्या पकडीत नाच चालवणाऱ्याचा उजवा तळहात समोरच्या व्यक्तीच्या खांद्याच्या फऱ्यावर सपाट असावा; तो कमरेकडे घसरू नये आणि बोटे रुतू नयेत. साथ देणाऱ्या व्यक्तीचा डावा हात समोरच्याच्या दंडावर असतो, आणि अंतर वाढवायचे झाल्यास तोच हात किंचित ताठ करायचा असतो. शरीराने दिलेली ही सूचना शब्दांइतकीच स्पष्ट मानावी, असे येथे शिकवतात. मान गोल फिरवणे, अंगाला लाट देणे या गोष्टी आधी विचारल्याशिवाय करायच्या नाहीत. गाण्याच्या मध्येच थांबून, “थँक्यू, मी बसते” असे म्हणून निघून जाण्याची सर्वांना मुभा आहे. एका मुलीने तसे केले तेव्हा तिच्या जोडीदाराने तिला कडेच्या खुर्च्यांपर्यंत सोबत केली आणि नंतर तो पाणी प्यायला गेला. हे पाहून मला बरे वाटले, कारण नाचणाऱ्यांच्या गर्दीतून एकटीने वाट काढताना कोणाचा तरी कोपर लागण्याची शक्यता असते.

आता दुखापतींविषयी. बहुतेकांना वाटते की नाचताना दुखापत होते ती मोठ्या कसरतीमुळे. प्रत्यक्षात ती हाताच्या चुकीच्या पकडीमुळेही होते. गिरकी देताना बोटांची केवळ आकडी असावी आणि अंगठा मोकळा असावा, म्हणजे वर उचललेल्या हाताखाली समोरच्या व्यक्तीचा पंजा मोकळेपणी फिरतो. अंगठ्याने तो आवळून धरला तर फिरणारे शरीर आणि न फिरणारा पंजा यांच्यामध्ये मनगट आणि खांदा पिळले जातात. दुसऱ्या एका शहरातील अशाच कार्यक्रमात एका उत्साही गृहस्थांनी मला असेच आवळून दोन गिरक्या दिल्या होत्या, आणि त्यानंतर कित्येक आठवडे मला वेणी घालताना हात वर नेता येत नव्हता. तेथे मी तक्रार केली तेव्हा “सवय होईल, मॅडम” असे उत्तर मिळाले. विश्रामबागेत याबाबत चांगली काळजी घेतली जाते. शिक्षक प्रत्येक नवख्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन आकडी तपासतात, आणि खांदा, मनगट किंवा मान दुखत असेल तर नाच सुरू करण्यापूर्वीच जोडीदाराला तसे सांगायला सांगतात.

गर्दीतील पावलांचा विचारही येथे नीट केलेला आहे. सालसाच्या आठ मात्रांपैकी 1, 2, 3 आणि 5, 6, 7 यांवर पावले पडतात. येथे शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिल्या मात्रेला साथ देणारी व्यक्ती मागे पाऊल टाकते आणि पाचव्या मात्रेला नाच चालवणारा मागे जातो. जिला मागचे दिसत नाही तिला त्या दिशेने पाठवण्यापूर्वी तिच्या खांद्यावरून पाहून घेण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची असते, आणि गर्दी वाढली की पावले पावलाच्या लांबीपेक्षा मोठी टाकायची नसतात. टाचांच्या चपलेचा फटका दुसऱ्याच्या घोट्यावर बसला की तो कोणाचा दोष, याचा वाद येथे घातला जात नाही. दोन्ही जोड्या थांबतात, विचारपूस करतात आणि लागले असेल तर कडेला जातात. बर्फाची पिशवी, क्रेप बँडेज आणि मलमपट्टीचे साहित्य टेबलावर दिसेल असे ठेवलेले असते. उचलून घेण्यास आणि खाली झुकवण्यास सामाईक नाचात पूर्ण मनाई आहे. एका महाविद्यालयीन मुलाने शेवटच्या ठेक्यावर मैत्रिणीला उचलले, तेव्हा स्वयंसेवक गाणे संपताच त्याच्याकडे गेला, त्याला बाजूला घेऊन बोलला, आणि सर्वांसमोर त्याचा पाणउतारा केला नाही. मुलगी राजी होती, हे खरे आहे. परंतु तिच्या हवेत फिरलेल्या पायांच्या कक्षेत उभ्या असलेल्या इतरांना कोणी विचारले नव्हते.

फरशी मात्र माझ्या चिंतेचा विषय आहे. सभागृहात गुळगुळीत ग्रॅनाइट आहे. त्यावर रबरी तळव्याचे खेळाचे बूट घालून गिरकी घेतली तर बूट फरशीला चिकटतो, शरीर फिरते आणि मधल्या मधे गुडघ्याला पीळ बसतो. उलट चामड्याच्या तळव्याच्या चपला त्याच फरशीवर जरा ओलावा आला की सुटतात. यावर उपाय म्हणून काही जण पायाखाली टाल्कम पावडर टाकतात. ती पावडर पुढे दहा जणांच्या पायांखाली जाते आणि ज्याला ठाऊकच नाही तो घसरतो. आयोजकांनी पावडरीला मनाई करणारा कागद लावला आहे, परंतु तो प्रसाधनगृहाच्या दाराजवळ लावला असून तेथे कोणाचे लक्ष जात नाही. तो प्रवेशाच्या टेबलावर हवा. त्याहून आपल्या इकडची गोष्ट म्हणजे गजरा. मोगऱ्याच्या पाकळ्या गिरकीबरोबर गळतात आणि ग्रॅनाइटवर चिरडल्या की साबणासारख्या निसरड्या होतात. काचेच्या बांगड्यांचेही तसेच आहे. दोन हात एकमेकांवर आपटले की बांगडी फुटते, तिची काच आधी मनगटात आणि मग कोणाच्या तरी तळव्यात जाते. लांब मंगळसूत्र समोरच्याच्या शर्टाच्या गुंडीत अडकते आणि मोकळी ओढणी हातांच्या पकडीत गुंतते. कोणाही बाईला ‘मंगळसूत्र काढून ठेवा’ असे सांगणे आपल्याकडे योग्य दिसणार नाही. येथील स्वयंसेविका ते कुडत्याच्या आत घेण्यास आणि ओढणी कमरेला बांधण्यास सांगतात, पिना देतात, आणि बांगड्या व गजरे ठेवण्यासाठी नावाच्या चिठ्ठीसह छोट्या पिशव्याही देतात. पुरुषांनाही घड्याळ, कडे आणि मोठी अंगठी उतरवायला सांगितले जाते. ही व्यवस्था मी इतरत्र पाहिलेली नाही. लांब वेणी अंबाड्यात बांधावी, एवढी सूचना त्यात वाढवावी, कारण गिरकीत वेणीचा शेपटा समोरच्याच्या डोळ्याला लागू शकतो.

स्वच्छतेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घाम येणारच, जादा शर्ट, छोटा टॉवेल आणि हात धुण्याची सोय असली की काम भागते, आणि ती सोय येथे आहे. खाण्याची वेळ मात्र बदलावी. आठ वाजता सरबत आणि भडंग दिले जाते. सांगलीच्या भडंगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्यातील तेल आणि तिखट हाताला लागते, लसणाचा वास तोंडाला येतो, आणि त्यानंतर दीड तास समोरासमोर नाचायचे असते. भडंग शेवटी द्यावे आणि मध्ये केळी व सरबत ठेवावे.

चित्रीकरणाचा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा आपल्या गावात अधिक गंभीर आहे. पुण्या-मुंबईत कोणी कोणाबरोबर नाचले याची चित्रफीत हजारो अनोळखी लोकांत मिसळून जाते. सांगलीत ती दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर पोचते. एखाद्या मुलीचे शिक्षण किंवा एखाद्या विवाहितेचे बाहेर पडणे त्यावरून थांबू शकते, आणि हे मी वाढवून सांगत नाही. येथे प्रवेशाच्या वेळी दोन रंगांच्या मनगटपट्ट्या ठेवलेल्या असतात. लाल पट्टी बांधलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा चित्रफीत घ्यायची नाही, ती मागच्या बाजूला दिसत असली तरीही नाही. चित्रीकरण करायचे असेल तर आयोजकांनी ठरवलेल्या कोपऱ्यात, ठरलेल्या दोन गाण्यांपुरते करायचे, म्हणजे ज्यांना त्यात यायचे नाही ते त्या कोपऱ्यापासून दूर राहू शकतात. ही पद्धत उत्तम आहे, परंतु तिची अंमलबजावणी नाचणाऱ्यांवरच होते. दाराशी उभे राहून नुसते पाहणाऱ्यांकडे कोणी पाहत नाही, आणि त्यांच्यातल्या एकाने मोबाईल उंच धरलेला मी स्वतः पाहिला. स्वयंसेविकेला सांगितल्यावर तिने लगेच जाऊन त्याच्याकडून ती चित्रफीत काढून टाकायला लावली. दाराशी एक माणूस कायम बसवला तर हे आधीच टळेल. दुसरी उणीव नोंदवहीची आहे. नाव, मोबाईल क्रमांक आणि राहण्याचा भाग लिहिलेली वही टेबलावर उघडी असते आणि पुढच्या माणसाला मागच्या सर्वांचे क्रमांक वाचता येतात. नाचताना मागितलेला क्रमांक न देण्याचा अधिकार शिकवायचा आणि तोच क्रमांक दारात उघडा ठेवायचा, ही विसंगती आहे. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी भरायला देऊन ती पेटीत टाकायला सांगणे मुळीच अवघड नाही.

यानंतर सर्वांत गंभीर मुद्दा. शिक्षक कुशल आहेत, बोलण्यात अदबशीर आहेत आणि नाचताना कोणी न मागता दुसऱ्याला शिकवू लागला तर त्याला थांबवतात. त्यांच्या वर्तनाविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु मेळाव्यात काही गैर घडले तर कोणाला सांगायचे, याचे उत्तर म्हणून भिंतीवर केवळ त्यांचाच मोबाईल क्रमांक लावलेला आहे. ते वर्गाचे चालक आहेत, मुख्य शिक्षक आहेत, शुल्क त्यांच्याकडे जमा होते आणि कोणाला वरच्या वर्गात घ्यायचे हेही तेच ठरवतात. तक्रार त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याविरुद्ध, मित्राविरुद्ध किंवा उद्या त्यांच्याच सहायकाविरुद्ध असली, तर नवखी मुलगी तो क्रमांक फिरवणार नाही. ती दुसऱ्या महिन्यापासून येणे बंद करेल, आणि आयोजकांना वाटेल की तिची आवड संपली. नृत्यशिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात स्पर्श हा शिक्षणाचाच भाग असतो, म्हणून या क्षेत्रात तक्रार ऐकणारी व्यक्ती शिक्षकापासून वेगळी असणे इतर वर्गांपेक्षा अधिक निकडीचे आहे.

कायद्याची चौकटही आयोजकांना ठाऊक असायला हवी. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, 2013 यातील कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत शिक्षण आणि मनोरंजनाच्या सेवा देणाऱ्या खासगी संस्थाही येतात, आणि तक्रार करणारी महिला तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम 75 लैंगिक छळासंबंधी आणि कलम 78 पाठलागासंबंधी आहे. मेळाव्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीही आईबरोबर येतात, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत 2012 च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन असते. ते प्रकरण आपसांत मिटवण्याचा पर्याय शिक्षकांना, आयोजकांना किंवा पालकांना उरतच नाही. अल्पवयीनांना पालकांशिवाय प्रवेश नाही, हा येथील नियम योग्य आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी वय विचारलेले मी एकदाही पाहिले नाही. ओळखपत्र पाहण्यात कोणाचा अपमान होत नाही.

मद्य आणि धूम्रपान यांना सभागृहात आणि जिन्यातही बंदी आहे, आणि पिऊन आलेल्याला शुल्क परत देऊन दारातूनच पाठवले जाते. परतीच्या प्रवासाचा विचारही केलेला आहे. साडेनऊनंतर मिरजेकडे जाणाऱ्या मुलींची रिक्षात एकत्र व्यवस्था होईपर्यंत दोन स्वयंसेविका खाली रस्त्यावर थांबतात, आणि कोणी ‘मी सोडतो’ म्हणाले तर मुलीला बाजूला घेऊन तिची इच्छा विचारतात. पोलीस मदतीचा 112 आणि महिला मदतीचा 181 हे क्रमांक मनगटपट्टीवरच छापलेले असल्यामुळे ते घरी पोचेपर्यंत हाताशी राहतात.

ज्यांना ही नृत्ये शिकायची आहेत पण संकोच वाटतो, त्यांनी आई, बहीण, पती किंवा मैत्रीण यांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन सहा वाजताच जावे, म्हणजे नकाराचा तो सराव चुकणार नाही. पातळ, गुळगुळीत तळव्याचे आणि टाचेला पट्टा असलेले पादत्राण घालावे. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी दोन जिने चढावे लागतात आणि उद्वाहन नाही, हे लक्षात घ्यावे. नाचण्यासाठी, नुसते पाहण्यासाठी आणि आपल्या वयात येणाऱ्या मुलामुलींना दुसऱ्याच्या शरीराचा मान कसा राखतात हे दाखवण्यासाठी मी हा मेळावा सुचवेन, आणि माझ्या भाचीला मी तेथे स्वतः नेले आहे.

तक्रारीच्या व्यवस्थेविषयी मी आयोजकांना लेखी पत्र दिले आहे. वर्गाशी आर्थिक संबंध नसलेल्या दोन व्यक्ती, त्यांपैकी किमान एक महिला, तक्रार ऐकण्यासाठी नेमाव्यात; त्यांचे क्रमांक भिंतीवर लावावेत; त्यांनी दिलेला निर्णय शिक्षकांवरही बंधनकारक असावा; आणि तक्रार करणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय शिक्षकांना कळू नये, अशा मागण्या त्यात आहेत. नोंदवहीच्या जागी पेटी ठेवण्याचे त्यांनी पत्र वाचताक्षणीच मान्य केले. दोन व्यक्तींच्या नेमणुकीविषयी पुढच्या मेळाव्यापूर्वी कळवतो, असे ते म्हणाले आहेत. ती नावे भिंतीवर लागली की या परीक्षणात मी त्याची नोंद करीन.